दि स्तेफानोचा आवाज इतक्या लवकर का गेला?

सप्टेंबर १९६३. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेराघरात पुचिनीच्या 'ला बोएम'चे प्रयोग लागले होते आणि कवी रोदोल्फोची भूमिका जुझेप्पे दि स्तेफानोकडे होती. हा गायक ऐनवेळी माघार घेतो हे तोवर सगळ्या मोठ्या ऑपेराघरांना ठाऊक झालं होतं, म्हणून व्यवस्थापनाने मोदेना गावचा एक तरुण बदली गायक हाताशी ठेवला होता. झालंही तसंच. दि स्तेफानोने अंग काढून घेतलं आणि लुचानो पाव्हारोत्ती नावाचा हा २७ वर्षांचा मुलगा लंडनच्या रंगमंचावर उभा राहिला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

या प्रसंगाकडे लोक पाव्हारोत्तीच्या बाजूने बघतात. मला दुसरी बाजू जास्त छळते. दि स्तेफानो तेव्हा फक्त ४२ वर्षांचा होता. टेनरचा, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा, गळा या वयात खरा पिकतो, दमसास आणि समज दोन्ही हातात आलेली असतात. त्याचं पदार्पण १९४६चं, म्हणजे कारकीर्द जेमतेम सतरा वर्षांची. त्यातही आवाज पूर्ण शाबूत होता तो काळ साधारण दहा वर्षांचा. विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर टेनर आवाजांपैकी हा एक, असं मी कुठलीही कुरकुर न करता म्हणेन. मग तो इतक्या लवकर खर्ची का पडला?

आधी माणूस. जन्म २४ जुलै १९२१, सिसिलीत कातानियाजवळच्या मोत्ता सान्तानास्ताझिआ या गावी. महान टेनर एन्रिको कारुझो गेला २ ऑगस्ट १९२१ला, म्हणजे दोघं नऊ दिवस एकाच जगात होते. वडील आधी पोलिसात होते, मग चांभारकाम करू लागले. आई शिवणकाम करायची. दि स्तेफानो लहान असतानाच कुटुंब मिलानला आलं. शिक्षण ख्रिस्ती धर्मगुरूंच्या शाळेत झालं आणि काही काळ त्याच्या मनात स्वतःही धर्मगुरू व्हायचं होतं. गाणं तो शिकला लुइजी मोन्तेसान्तो यांच्याकडे. पुचिनीच्या 'इल ताबार्रो'चा पहिला प्रयोग १९१८मध्ये न्यूयॉर्कला झाला, त्यातला मिकेले म्हणजे हेच मोन्तेसान्तो. ते बॅरिटोन होते, म्हणजे टेनरच्या खालच्या पट्टीचे गायक.

युद्धात दि स्तेफानो स्वित्झर्लंडला निसटला. तिथे त्याला छावणीत ठेवलं होतं, पण त्या काळातही तो लोझानच्या रेडिओवर गायला. त्याआधी 'नीनो फ्लोरिओ' या नावाने हलकीफुलकी गाणी म्हणून पोट भरलं होतं. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. लोकगीतं, नाटकाच्या मध्यंतरातली गाणी, रेडिओवरची गाणी गाणाऱ्याला शब्द पोचवावा लागतो, तिथे गळ्याच्या घडणीचं कौतुक करायला कोणी बसलेलं नसतं. ही सवय त्याने ऑपेरात आणली आणि मरेपर्यंत सोडली नाही.

एप्रिल १९४६मध्ये रेज्जो एमिलियाला मास्नेच्या 'मानों'मधला दे ग्रिय म्हणून पदार्पण. पुढच्या मार्चमध्ये त्याच भूमिकेत मिलानचं ला स्काला ऑपेराघर. २५ फेब्रुवारी १९४८ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये 'रिगोलेत्तो'चा ड्यूक. दोन वर्षांत छोट्या शहरापासून मेटपर्यंत! इतक्या वेगाने चढलेल्या गायकाला गळा बसवायला, चुका करायला, विंगेत उभं राहून थोरामोठ्यांना ऐकायला वेळच मिळत नाही.

आता आवाज. ३१ डिसेंबर १९४९ला मेटमधून गुनोच्या 'फाउस्ट'चा प्रयोग रेडिओवर थेट प्रसारित झाला, त्याचं ध्वनिमुद्रण सुदैवाने शिल्लक आहे. तिसऱ्या अंकात फाउस्ट मार्गरीतच्या घरासमोर उभा राहून गातो. त्या गाण्यात 'प्रेझाँस' या शब्दावर टेनरचा तो प्रसिद्ध वरचा सी येतो. आपल्याकडे पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तार षड्ज जिथे असतो, त्याच्याही वर आणखी एक पूर्ण सप्तक, इतका हा स्वर उंच. बहुतेक गायक तो जोरात लावतात, धरतात आणि सोडतात. दि स्तेफानोने तो भरल्या आवाजात लावला आणि मग तोच स्वर न सोडता, श्वास न तोडता, बारीक करत करत नेला. स्वर कुठेही खाली येत नाही, पोकळ होत नाही, हलतही नाही. फक्त लहान होत जातो आणि तरीही त्याचा रंग तोच राहतो. रुडॉल्फ बिंग तेव्हा मेटची सूत्रं हाती घेण्याआधी वर्षभर निरीक्षण करत होते. त्यांनी नंतर आत्मचरित्रात लिहिलं की त्या ध्वनीचं सौंदर्य आपण जन्मभर विसरणार नाही. याच बिंगचं पुढे दि स्तेफानोशी तालमी बुडवण्यावरून आणि करार मोडण्यावरून जोरदार भांडण झालं, तरीही त्यांनी हे लिहिलं. त्यामुळे त्या वाक्याला माझ्या लेखी जास्त वजन आहे.

त्या सीइतकीच दुसरी गोष्ट त्याची मोठी होती आणि माझ्या मते प्रकरणाचं मूळ तिथेच आहे: शब्द. इटालियन न येणाऱ्यालाही त्याचं प्रत्येक अक्षर ऐकू येतं. 'आ' हा 'आ'च असतो, 'ए' हा 'ए'च, खाली आणि वरही. बाकीच्या टेनरांचा 'आ' वर जाताना हळूहळू 'ओ'कडे झुकतो, दि स्तेफानोचा झुकत नाही. तो बोलल्यासारखा गातो, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला वाटतं की हा माणूस आपल्याशीच बोलतोय.

पण बाकीचे टेनर तो 'आ' झाकतात ते हौसेने झाकत नाहीत. १८३७मध्ये पॅरिस ऑपेरात जिल्बेर द्युप्रेने रोस्सिनीच्या 'गियोम तेल'मध्ये वरचा सी छातीच्या, भरदार आवाजात लावला. त्याआधी हे स्वर हलक्या, डोक्यातल्या आवाजात लावायची रीत होती. नव्या पद्धतीने लोक इतके चक्रावले की दिदे आणि पेत्रेकँ या लियोंच्या दोन डॉक्टरांनी १८४०मध्ये त्यावर निबंधच लिहिला आणि या आवाजाला 'गडद किंवा झाकलेला आवाज' म्हटलं. तेव्हापासून भरदार वरचा स्वर आणि झाकलेला स्वरवर्ण ही जोडी टेनरच्या शिक्षणात पक्की आहे.

त्यामागचं ध्वनिशास्त्र आता बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. पांढरी एकचा षड्ज धरला तर टेनरचा सांधा, म्हणजे मधल्या आवाजातून वरच्या आवाजात शिरायची जागा, तार मध्यमाच्या आसपास येतो. त्या स्वराची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ३५० आणि त्याच्या दुसऱ्या आंशिक स्वराची, म्हणजे त्याच्यासोबत आपोआप उमटणाऱ्या दुप्पट कंपनांच्या स्वराची, ७००. खुल्या 'आ'साठी पुरुषाच्या गळ्या-तोंडाची पहिली अनुनादाची जागाही ७००च्या आसपासच असते. म्हणजे त्या स्वरापर्यंत खुला आकार फुकटात दणदणीत वाजतो, निसर्गच मदत करत असतो. त्याच्या वर गेलं की ती मदत संपते. मग दोन वाटा उरतात. एक, आकार किंचित ओकाराकडे वळवायचा, स्वरयंत्र खाली राहू द्यायचं आणि वेगळ्या अनुनादावर स्वर बसवायचा. दुसरी, आकार तसाच उघडा ठेवून त्या मदतीचा पाठलाग करत राहायचं. त्यासाठी स्वरयंत्र वर उचलावं लागतं, श्वासाचा दाब वाढवावा लागतो, स्वरतंतू जास्त जोराने आणि जास्त वेळ एकमेकांवर दाबले जातात. माणूस लांबच्या कोणाला हाक मारतो तेव्हा हेच करतो. एखादी हाक मारल्याने कोणाचं काही बिघडत नाही. संध्याकाळभर, आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं मारली तर बिघडतं.

आता प्रश्न असा की हे इतकं घातक असेल तर १९४९चा तो सी आला कुठून? त्याचं उत्तर भूमिकांमध्ये आहे. मास्ने, गुनो, दोनिझेत्ती, बेलिनी, व्हेर्दीचा ड्यूक या संगीतात वाद्यवृंद गायकाला जागा देतो. टेनर हलकं गाऊ शकतो, वर जाऊन स्वर सोडून देऊ शकतो. उघड्या स्वराचा भार तिथे गळ्यावर येतो, पण क्षणभरच. त्यात दि स्तेफानोचा जन्मजात गळा इतका लवचीक की तो भार त्याने पंचविशीत सहज पेलला.

१९५१मध्ये साओ पाउलोला 'ला त्राव्हियाता'त तो प्रख्यात गायिका मारिया कॅलाससोबत पहिल्यांदा गायला. १९५२चा मेक्सिको सिटीचा मोसम तर दोघांनी मिळून जिंकला. ईएमआय कंपनीने १९५३ ते १९५७ या काळात या जोडीचे दहा पूर्ण ऑपेरा ध्वनिमुद्रित केले. त्यातला ऑगस्ट १९५३चा, व्हिक्तोर दे साबाता यांच्या संचालनाखालचा 'तोस्का' आजही मला सर्वांत पुरा ध्वनिमुद्रित ऑपेरा वाटतो. तिसऱ्या अंकात काव्हारादोस्सी मरणाआधी प्रेयसीच्या आठवणीत गातो, तिथे दि स्तेफानो रडका होत नाही. एकेक शब्द आठवून आठवून उच्चारतो. गाण्याचा सूर आणि बोलण्याचा सूर यांत फरकच उरत नाही.

त्या दहा ऑपेरांची यादी तारखांच्या क्रमाने लावली की मात्र पोटात गोळा येतो. १९५३च्या सुरुवातीला दोनिझेत्तीचा 'लुचिया' आणि बेलिनीचा 'इ पुरितानी'. त्याच वर्षी 'काव्हाल्लेरिया' आणि 'तोस्का'. १९५४ला 'पाल्याच्ची', १९५५ला 'रिगोलेत्तो', १९५६ला 'इल त्रोव्हातोरे', 'ला बोएम' आणि 'उन बाल्लो इन मास्केरा', १९५७ला 'मानों लेस्को'. 'पुरितानी'च्या हलक्या आर्तूरोपासून 'त्रोव्हातोरे'च्या जड मानरिकोपर्यंतचं अंतर दुसरे टेनर वीस वर्षांत कापतात. यातले पुष्कळसे तर कापायच्या भानगडीतच पडत नाहीत. याने ते साडेतीन वर्षांत कापलं.

रंगमंचावरचं चित्र याहून कठीण होतं. जानेवारी १९५५मध्ये ला स्कालात संचालक कारायान यांच्याबरोबर 'कार्मेन'चा दॉन होसे. १९५६च्या अखेरीला तिथेच 'आइदा'चा रादामेस. १९५७ला 'ला फोर्झा देल देस्तिनो'चा आल्व्हारो. ७ डिसेंबर १९५८ला मोसमाच्या पहिल्याच रात्री 'तुरान्दोत'चा कालाफ, आणि समोर बिर्गिट निल्सन. निल्सन यांचा आवाज वाग्नरसाठी घडलेला, सबंध वाद्यवृंदावरून थेट शेवटच्या रांगेत पोचणारा. त्यांच्यापुढे उघडा, बोलका, गीतमय आवाज घेऊन उभं राहायचं म्हणजे प्रत्येक ओळीला जोर लावणं आलंच.

हा जोर का लागतो, हेही समजून घ्यायला हवं. योहान सुंडबर्ग या स्वीडिश ध्वनिशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात दाखवून दिलं की वाद्यवृंदाची ताकद ५०० कंपनांच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि तिथून वर उतरत जाते. कसलेल्या पुरुष गायकाच्या आवाजात ३००० कंपनांच्या आसपास एक वेगळी चकाकी असते, आणि वाद्यवृंद तिथे कमकुवत असल्याने गायक मायक्रोफोनशिवाय ऐकू जातो. ही चकाकी मिळवायला स्वरयंत्र खाली आणि घसा मोकळा असणं फार मदतीचं ठरतं. दि स्तेफानोचा वरचा स्वर उलट्या बाजूने बांधलेला. हलक्या वाद्यवृंदावर त्याला फरक पडला नाही, पुचिनी आणि उत्तरकालीन व्हेर्दीच्या पितळी वाद्यांसमोर पडला. चकाकीची भरपाई त्याने दाबाने केली.

त्याच्या बाजूने आणि विरोधात दुसरी कारणं पुष्कळ सांगितली जातात. सिगारेट, रात्रीची जागरणं, कॅसिनो, तालमींचा कंटाळा. हे सगळं खरंच होतं, त्यानेही ते कधी लपवलं नाही. मे १९५५मध्ये दिग्दर्शक व्हिस्कोन्ती यांनी ला स्कालात कॅलाससाठी उभा केलेला 'त्राव्हियाता' तो पहिल्या प्रयोगानंतर सोडून निघून गेला. शिस्तीशी त्याचं वाकडंच होतं. पण कारुझोही प्रचंड सिगारेटी ओढायचा आणि त्याचा आवाज शेवटच्या आजारपणापर्यंत टिकला. धुराने गळ्याचं भलं होत नाही, मात्र एवढ्याने हे प्रकरण उलगडत नाही. दि स्तेफानोचं स्वतःचं स्पष्टीकरण वेगळंच होतं: घरातल्या गालिच्यांच्या कृत्रिम धाग्यांची ॲलर्जी. ॲलर्जीने काही संध्याकाळी वाया गेल्या असतील हे मी मान्य करेन. पण ध्वनिमुद्रणं क्रमाने ऐकली तर बिघाड ठरावीक ठिकाणीच दिसतो, सांध्याच्या वरच्या तीन-चार स्वरांत, आणि त्यातही जोर लागतो तिथे. मधलं सप्तक तर १९६०नंतरही कितीतरी संध्याकाळी मखमलीसारखं आहे. ॲलर्जी अशी स्वर निवडून त्रास देत नाही.

राहिले दोन मुख्य संशयित: उघडी पद्धत आणि जड भूमिका. जाणकार सहसा यांतला एक उचलतात. मला दोन्ही एकेकटे अपुरे वाटतात, आणि त्यासाठी दोन शेजारी पुरेसे आहेत.

पहिला कार्लो बेर्गोन्त्सी. दि स्तेफानोहून तीन वर्षांनी लहान, पार्मा भागातला. सुरुवात बॅरिटोन म्हणून, मग स्वतःच गळा वर नेऊन १९५१मध्ये बारी शहरात टेनर म्हणून दुसरं पदार्पण. १९५६ला मेटमध्ये आला तो थेट रादामेस म्हणून, म्हणजे दि स्तेफानोने ती भूमिका ला स्कालात घेतली त्याच मोसमात. बेर्गोन्त्सीचा आवाज दि स्तेफानोइतका देखणा नव्हता, आकारानेही काही फार मोठा नव्हता. पण सांधा इतका सफाईने झाकलेला की तो ओलांडल्याचं कळतसुद्धा नाही. तो व्हेर्दीच्या जड भूमिका आयुष्यभर गायला आणि मेटमध्ये १९८८पर्यंत उभा राहिला. म्हणजे भूमिका जड म्हणून गळा जातोच असं नाही.

दुसरा तितो स्कीपा, आधीच्या पिढीतला. त्याचेही शब्द असेच लख्ख, अक्षर न् अक्षर कळणारं. आवाज लहान, वरचा पल्लाही बेताचा. पण त्याने हलक्या भूमिकांचं एक छोटं कुंपण घालून घेतलं आणि ते कधी ओलांडलं नाही. पहिल्या महायुद्धाआधी सुरू झालेलं त्याचं गाणं दुसऱ्या महायुद्धानंतरही चालू होतं. म्हणजे शब्द उघडे ठेवणारा गायक लवकर संपतोच असंही नाही.

दि स्तेफानोने स्कीपाचे शब्द घेतले आणि बेर्गोन्त्सीच्या भूमिका. हा माझा निष्कर्ष आहे आणि मी तो ठामपणे मांडतो. त्याला जड भूमिका गायच्याच होत्या तर १९५३-५४च्या सुमाराला वर्षभर थांबून वरचा सांधा नव्याने बसवायला हवा होता. पद्धत बदलायची नव्हती, आणि त्या पद्धतीतच त्याचा जीव होता हे मी समजू शकतो, तर नेमोरिनो, रोदोल्फो, दे ग्रिय, ड्यूक या हलक्या भूमिकांवर थांबायला हवं होतं. टेनर बेन्यामिनो जील्यी १९१४मध्ये रंगमंचावर उभा राहिला आणि रादामेसला त्याने हात घातला १९३७मध्ये. दि स्तेफानोला तेवीस वर्षं थांबणं शक्य नव्हतं असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन की दहा वर्षं तरी?

ऑपेराघरांचा दोष यात मोठा आहे आणि तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. कॅलास जड भूमिका गाणार, तिच्यासमोर तिच्या तोलाचं नाव हवं, आणि जाहिरातीत ही जोडी विकली जाते. मग टेनरला ती भूमिका झेपते का, हे विचारायचं कोणी? संचालकांपैकी कोणी त्याला नको म्हटलं असतं, तर ऐकलं असतं की नाही हे सोडा, म्हणणं त्यांचं कामच होतं. मारियो देल मोनाको आणि फ्रांको कोरेल्ली हे दोन टेनर त्याच वर्षांत ला स्कालाच्या दारात होते, दोघांचेही गळे या कामासाठी घडलेले. गरज होती म्हणून हा रादामेस झाला, असंही म्हणता येत नाही.

उतरणीचं फार लिहावंसं वाटत नाही. १९६१ला ला स्कालात पित्सेत्तीच्या नव्या ऑपेराचा नायक, १९६०च्या दशकाच्या मध्यात पॅसाडेनाला 'ओतेल्लो', मग ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीत नाटकं. १९७३-७४मध्ये कॅलाससोबत जगभर जलशांचा दौरा. त्याच्या मुलीच्या आजारपणाला पैसा हवा होता, आणि दोघांनाही आपले आवाज गेलेत हे ठाऊक होतं. तो दौरा ११ नोव्हेंबर १९७४ला जपानमधल्या साप्पोरोला संपला. १९९२मध्ये रोमला काराकाल्लाच्या उघड्या रंगमंचावर तो पुन्हा 'तुरान्दोत'मध्ये आला, या वेळी म्हातारा सम्राट आल्तूम म्हणून. २००४च्या अखेरीस केनियातल्या घरी दरोडेखोरांनी त्याला जबर मारलं, त्यातून तो सावरला नाही. ३ मार्च २००८ला गेला.

पाव्हारोत्ती त्याला दैवत मानायचा, पण गळा त्याने वेगळ्या पद्धतीने बांधला आणि जड भूमिकांकडे सावकाश गेला. होसे कारेरासही त्याचाच भक्त. त्याचा आवाजही तसाच गीतमय, उघडा, काळजाला हात घालणारा. १९७९ला साल्झबुर्गमध्ये कारायान यांनी त्याला रादामेस दिला. १९८७मध्ये रक्ताचा कर्करोग झाला, त्याच्या आधीच कारेरासचे वरचे स्वर कडक होत चालले होते. 'कार्मेन'चा संचालक तोच, 'आइदा'तली भूमिका तीच आणि आवाजाची जातही तीच होती.

माझं म्हणणं तपासून बघायचं असेल तर चार ध्वनिमुद्रणं पुरतील. आधी १९४९च्या 'फाउस्ट'मधलं तिसऱ्या अंकातलं गाणं. मग १९५३चा 'तोस्का', पूर्ण. मग १९५६चा 'इल त्रोव्हातोरे', आणि त्यातल्या तिसऱ्या अंकात मानरिकोची दोन गाणी पाठोपाठ येतात ती: पहिलं संथ प्रेमगीत, ज्यात तो अजून राजा आहे, आणि लगेच दुसरं, युद्धाला निघतानाचं, ज्यात वरच्या स्वरांवर गळ्याची शीर ताणलेली ऐकू येते. शेवटी बेर्गोन्त्सीचा कुठलाही व्हेर्दी. क्रम बदलू नका, आणि दर वेळी फक्त 'आ' ऐका: खाली कसा आहे, तार मध्यमावर कसा आहे आणि त्याच्या वर गेल्यावर त्याचं काय होतं.